दोन आणि तीन कुठून येतात

शाळेत त्यांना सगळे 'समजलं-का बाई' म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना आवडायचंही. बावीस वर्षं त्या गणित शिकवत होत्या. फळ्यावर उदाहरण सोडवून झालं की हाताला लागलेला खडू झटकायचा, वर्गाकडे वळायचं आणि विचारायचं, "समजलं का?" मग सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "होऽऽ बाई!" तो 'हो' पार जिन्याखाली बसणाऱ्या शिपाई मामांपर्यंत पोचायचा. तो ऐकल्याशिवाय बाईंना तास झाल्यासारखा वाटायचा नाही.

दहावीचं गणितही बावीस वर्षं त्यांच्याकडेच होतं. दहावीच्या बाईंना स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची. पालक रस्त्यात थांबून त्यांच्याशीच बोलणार, निकालाच्या दिवशी मुलं आधी त्यांनाच शोधणार. असा नियम कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं.

आणि मग नवीन बाई आली.

तिचं वय बाईंच्या नोकरीपेक्षा जेमतेम चार वर्षांनी जास्त. अंगाने किरकोळ, आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जायला लाजणारा. नववी 'अ' बाईंकडे होती, तिला 'ब' मिळाली. बाईंनी पहिल्याच दिवशी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि मनात म्हटलं, दोन महिने. फार तर तीन. पोरं हिला खाऊन टाकतील.

पोरांनी तिला खाल्लं नाही. उलट ती तिच्या मागेपुढे फिरायला लागली. कारण तिने आणली कार्डं.

साधी पुठ्ठ्याची कार्डं, वर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची नक्षी. प्रत्येक मुलाला एक, आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी. कार्डाच्या चार कडांना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. नवीन बाई फळ्यावर प्रश्न लिहायची, खाली चार उत्तरं. ज्याला 'बी' बरोबर वाटेल त्याने बीची कड वर करून कार्ड छातीशी धरायचं. मग ती आपला मोबाइल वर्गावरून एकदा सावकाश फिरवायची, की कुणी काय उत्तर दिलं ते नावानिशी मोबाइलवर हजर. शेजाऱ्याच्या कार्डाकडे पाहून काही उपयोग नाही, कारण त्याची नक्षीच निराळी. कुणी ओरडायचं नाही, कुणी हात वर करायचा नाही. आणि कुणाचं चुकलं ते तिच्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

"पत्ते कुटतात म्हणे गणिताच्या तासाला," बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. दोघं-तिघं हसली. पण पुढच्याच आठवड्यात विज्ञानाचे सर, ज्यांनी पंधरा वर्षांत एक तक्ता बदलला नव्हता, ते नवीन बाईच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मलाही दाखवा की हे." बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या वह्या तपासत राहिल्या आणि एका बिचाऱ्या मुलाच्या बरोबर उत्तरावर फुली मारून बसल्या.

नवीन बाई सगळ्यांशी गोड बोलायची, हे आणखी एक दुखणं. ती उर्मट असती तर बरं झालं असतं. स्वतःहून बाईंकडे येऊन म्हणाली होती, "बाई, तुमच्या वर्गासाठीही कार्डं छापून देऊ का?"

"नको," बाई म्हणाल्या. "आमच्या मुलांना तोंड आहे."

धाकट्या सहकाऱ्यांना बाई सरसकट अगंतुगं करायच्या. हिला मात्र मुद्दाम 'तुम्ही' म्हणायच्या, लांबूनच.

मग बाईंनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, तक्रार केली. अगदी तक्रार म्हणून नाही. सहज म्हटल्यासारखं, की वर्गात मोबाइल न्यायचा नाही हा नियम आपण सगळे पाळतो, सगळ्यांना सारखा असावा, एवढंच. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, "बरी आठवण केलीत" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: शिकवण्यासाठी मोबाइल वापरायला शिक्षकांना परवानगी आहे. बाई त्या कागदासमोरून आठवडाभर मान वळवून जात होत्या.

पण हे सगळं त्यांनी गिळलं असतं. खरा घाव बसला तो एका मधल्या सुट्टीत.

बाईंची लेक त्यांच्याच नववी 'अ'मध्ये होती. पाचवीत शाळेत घातलं तेव्हाच बाईंनी तिला बजावलं होतं, घरी आई, शाळेच्या फाटकाच्या आत बाई. लेकीने चार वर्षं ते काटेकोर पाळलं होतं. त्या दिवशी बाई पाण्याची बाटली भरायला व्हरांड्यातून चालल्या होत्या. नववी 'ब'च्या दाराशी ही पोरगी वही उघडून उभी, आणि नवीन बाई तिच्या वहीवर वाकून पेन्सिलीने काहीतरी दाखवत होती. लेक मान हलवत होती. मग एकदम तिचा चेहरा उजळला. बाईंनी तो चेहरा ओळखला. लहानपणी सायकल पहिल्यांदा न पडता चालवली तेव्हा तसा झाला होता. गणितात तो त्यांनी कधी पाहिला नव्हता.

बाटली न भरताच बाई परत फिरल्या.

घरी त्यांनी आडून आडून विचारलं, "आज मधल्या सुट्टीत कुठे होतीस?"

"मैत्रिणीबरोबर," लेक म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं.

आता नवरा-बायकोत असं काही झालं तर माणूस भांडतो तरी. इथे भांडायचं कुणाशी? लेक दुसऱ्या बाईकडे गणित विचारायला गेली, यावर कुठल्या तोंडाने ओरडायचं? बाईंनी भांडी जरा जोरात आपटली. नवरा टीव्हीसमोरून म्हणाला, "शाळेत काही झालं का?" त्यावर त्या "काही नाही" म्हणाल्या आणि आणखी जोरात आपटली.

सोमवारी मोठ्या बाईंनी दोघींना बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी दहावीच्या दोन्ही तुकड्यांचं गणित एकाच बाईंकडे द्यायचं होतं. "गुरुवारी मी दोघींचे तास बघणार आहे. मग ठरवीन. आणि कार्डं दोन्ही वर्गांत वापरा. मला फरक बघायचाय."

बावीस वर्षांनी दहावीसाठी परीक्षा! शेजारची नवीन बाई मात्र म्हणाली, "बाई, मी कार्डं छापून देते आणि तुमच्या मुलांची नावं माझ्या मोबाइलमध्ये भरून ठेवते. तुम्हाला फक्त प्रश्न टाकायचा."

बुधवारी शाळा सुटल्यावर तिने मोबाइल बाईंच्या हातात दिला आणि दहा मिनिटांत सगळं दाखवलं. "प्रश्न कुठला घेताय? मी मदत करू? चुकीची उत्तरं नीट निवडली ना, की मुलं नेमकी कुठे अडतात ते कळतं."

"माझा प्रश्न माझा मी बघते," बाई म्हणाल्या. एवढ्या उपकारांची परतफेड आपल्याच्याने होणार नाही असं त्यांना वाटलं.

ती मोबाइल ठेवून वह्या आणायला गेल्यावर बाई रिकाम्या वर्गात बाकावर बसल्या आणि त्यांना एक कल्पना सुचली. इतकी सोपी, की त्यांना हसू आलं. कशाला ती अवघड उत्तरं आणि फसवे पर्याय? आपल्या वर्गाची ताकद कशात आहे? बाईंनी एका बोटाने, सावकाश, प्रश्न टाइप केला. 'समजलं का?' ए: हो. बी: नाही. मोठ्या बाईंसमोर एक्केचाळीस कार्डं, एक्केचाळीस 'हो'. काढा म्हणावं यात खोट.

गुरुवारी मोठ्या बाई शेवटच्या बाकावर वही घेऊन बसल्या. बाई रंगात आल्या होत्या. फळ्यावर त्यांनी समीकरण लिहिलं, एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य, आणि त्याचे अवयव पाडायला घेतले. "अशा दोन संख्या घ्यायच्या, की त्यांची बेरीज येईल पाच आणि गुणाकार येईल सहा. घ्या दोन आणि तीन!" खडू खटखट वाजत होता. आणखी तीन उदाहरणं झाली. अक्षर मोत्यासारखं, एक रेघ वाकडी नाही. बाईंनी हात झटकले, वर्गाकडे वळल्या, आणि तोंडून विचारायच्या ऐवजी प्रश्नाकडे बोट दाखवलं. तो त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवला होता.

"कार्डं वर करा."

एक्केचाळीस कार्डं वर झाली. आवाज नाही, एक सूर नाही, नुसती नक्षी. बाईंनी मोबाइल डावीकडून उजवीकडे फिरवला, शिकवलं होतं तसा. पडद्यावर नावं भराभर आली.

नाही. नाही. नाही. हो. नाही.

बाईंना वाटलं आपण मोबाइल उलटा धरलाय. त्यांनी पुन्हा फिरवला. खाली आकडा आला: हो बारा, नाही एकोणतीस. पहिल्या बाकावरची, वह्या सजवणारी मुलगी: नाही. सगळ्यात मोठ्याने 'हो' ओरडणारा मागचा दांडगा: नाही. आणि तिसऱ्या ओळीत त्यांचंच आडनाव. नाही.

"काय म्हणतायत?" मोठ्या बाईंनी मागून विचारलं.

मोबाइल बाईंच्या हातात होता. दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हता.

"बहुतेक सगळे 'हो' आहेत," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ज्याने-त्याने आपलं कार्ड गुपचूप खाली घेतलं आणि ते उलटं करून बाकावर ठेवलं. लेक खिडकीबाहेर बघत होती.

तो आकडा पुसायचा कसा हे बाईंना माहीत नव्हतं. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी इथे दाबलं, तिथे दाबलं, आकडा जागचा हलेना. शेवटी तसाच मोबाइल नवीन बाईच्या हातात दिला आणि "आभारी आहे" म्हणून तोंड फिरवलं. आता ही बघेल, आणि बघितल्याबरोबर मोठ्या बाईंच्या खोलीत जाईल. बाईंना त्याची शंभर टक्के खात्री होती, कारण त्यांनी स्वतः तेच केलं असतं.

संध्याकाळी घरी लेकीनेच विषय काढला. "मी बी धरलं होतं."

"पाहिलं मी."

"मी नवीन बाईंकडे जाते विचारायला. मधल्या सुट्टीत."

"तेही पाहिलं." बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मी घरात असताना तिच्याकडे का? माझ्याकडे का नाही?"

लेकीने बराच वेळ नखाने वहीचा कोपरा खरवडला. "तुला विचारलं की तू परत तेच करून दाखवतेस. फक्त मोठ्या आवाजात. आणि मग विचारतेस, समजलं का. मग मी हो म्हणते."

"का म्हणतेस?"

"तू इतकी खूश होतेस म्हणून."

बाई उठून गॅलरीत गेल्या आणि वाळलेले कपडे घड्या घालत बसल्या. घातलेल्या घड्या त्यांनी मोडून पुन्हा घातल्या.

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दहावी आहे तशीच राहील. बाईंकडे." विज्ञानाच्या सरांनी टाळ्या वाजवल्या. नवीन बाईनेही वाजवल्या. हे बाईंना सगळ्यात जास्त झोंबलं. तिच्या चेहऱ्यावर त्या काहीतरी शोधत होत्या, टोमणा, कुत्सित हसू, काहीही. काही सापडलं नाही.

तासाची घंटा झाल्यावर त्यांनी तिला जिन्यापाशी गाठलं. "मोबाइलमध्ये बघितलंत तुम्ही?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमच्या वर्गाचं आहे ते. मी काय सांगणार?" नवीन बाई जरा घुटमळली. "बाई, तो प्रश्न मीही विचारला होता. पहिल्याच आठवड्यात. चाळीसपैकी छत्तीस 'नाही'."

छत्तीस! बाईंच्या मनात पटकन वजाबाकी झाली. आपले एकोणतीस. सातने कमी. क्षणभर त्यांना इतका आनंद झाला, की त्यांची त्यांनाच लाज वाटली. इथे एकोणतीस पोरं बुडताहेत आणि आपण मोजतोय काय?

"मग काय केलंस गं तू?" त्यांनी विचारलं. 'तुम्ही' कुठे गळालं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"घरी जाऊन रडले. मग तो प्रश्न विचारणं सोडलं. कुठे अडलं ते विचारते आता."

बाई वर्गाकडे वळल्या, चार पावलं गेल्या आणि परत फिरून मोठ्या बाईंच्या खोलीत शिरल्या. बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. बारा 'हो' होते. एकोणतीस 'नाही'."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "असं असेल तर दहावीचं मी आत्ता काही ठरवत नाही. महिन्याभराने परत तास बघते. दोघींचे."

"बघा," बाई म्हणाल्या. बावीस वर्षांची दहावी पुन्हा टांगणीला लागली होती. पण काल रात्रीपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं, हेही खरं.

नववी 'अ' त्यांची वाटच बघत होती. इतकी शांत, की बाईंना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू आला. त्यांनी फळ्यावर कालचंच समीकरण लिहिलं. मग खडू ठेवला.

"काल मी मोठ्या बाईंना म्हटलं, तुम्हाला समजलंय. ते खोटं होतं, आणि तसं मी आत्ता त्यांना सांगून आले." मागचा दांडगा एकदम ताठ बसला. "मी कुणावर रागावणार नाही. कुठे अडतंय तेवढं सांगा."

कुणी हूं की चूं केलं नाही. बाई थांबल्या. बावीस वर्षांत त्या वर्गासमोर इतका वेळ गप्प उभ्या राहिल्या नव्हत्या. मग तिसऱ्या ओळीत बाक करकरलं.

"ते दोन आणि तीन कुठून येतात, आई?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. लेकीचे कान लाल झाले. बाईंनी तिला सुधारलं नाही. त्या उत्तर द्यायला गेल्या, कुठून काय येतात, दिसतात ना ते, आणि तिथेच अडखळल्या. त्यांना ते दिसायचे. समीकरण बघितलं की दोन आणि तीन आपोआप समोर यायचे, शाळेत असल्यापासून. कसे ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. 'हो' म्हणणारा कशाला विचारेल?

"सहा कशा-कशाच्या गुणाकाराने होतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"एक आणि सहा," पहिल्या बाकावरून आलं.

"बेरीज?"

"सात."

"हवी किती?"

"पाच."

"मग हे नाही. खोडते मी. अजून कशाने होतात?"

दांडगा बाकावरून अर्धा उठला. "दोन आणि तीन! बाई, बेरीज पाच! हेच ते!" आणि इतका चकित होऊन खाली बसला, की सगळा वर्ग हसला.

बाईंनी हात झटकले, वर्गाकडे वळल्या, आणि तोंड उघडलं. सवय ती सवय. ते दोन शब्द त्यांनी दातांखाली धरून ठेवले आणि फळ्यावर नवं समीकरण लिहिलं. बेरीज आठ, गुणाकार बारा. "हे तुम्ही करा. मी फिरून बघते."

भिंतीपलीकडून नवीन बाईचा बारीक आवाज येत होता आणि मधेच 'ब'चा हशा. बाईंच्या पोटात पुन्हा थोडं दुखलं. एका दिवसात ते थोडंच जाणार? त्या बाकांमधून चालत राहिल्या आणि तिसऱ्या ओळीत थांबल्या. लेकीने वहीत लिहिलं होतं, एक आणि बारा, बेरीज तेरा, आणि ते खोडलं होतं. खाली तीन आणि चार, बेरीज सात, तेही खोडलं होतं. उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. त्या तिथेच उभ्या राहिल्या, काही न बोलता, आणि लेकीची पेन्सिल पुढच्या ओळीवर यायची वाट बघू लागल्या.